साडूसारखी नोकरी

भिंगरीला जेवताना एका जागी बसवत नसे. दोन घास झाले की पाणी आणायला उठायचा, आणखी दोन झाले की खिडकी लावायला, आणि खिडकी लावलेलीच असली तर ती उघडायला. त्याचं खरं नाव कागदपत्रांपुरतं उरलं होतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत, सासरी, शेजारीपाजारी, सगळीकडे तो भिंगरीच. त्याची बायको म्हणायची, "लिफ्टसुद्धा मजल्यावर आली की घटकाभर थांबते हो. तुम्हाला तेवढंही जमत नाही."

त्याच्या साडूचा मामला उलटा. तो बसला की बसला. सासरी त्याला 'परमनंट' म्हणत, आणि त्यात निम्मं कौतुक असायचं, निम्मी चेष्टा. सरकारी बांधकाम खात्यात तोही लिफ्टचाच मेकॅनिक होता आणि त्याची नेमणूक मोठ्या सरकारी दवाखान्यात होती.

दोघं साडू झाले ते नंतर. आधी ते एकाच तांत्रिक शाळेत एकाच बाकावर बसलेले, एकाच मोटरवर हात काळे केलेले दोस्त होते. शेवटच्या वर्षी खात्यात भरती निघाली. दोघांनी लेखी परीक्षा दिली, दोघंही पास झाले. दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन प्रत्यक्ष काम करून दाखवायचं होतं. भिंगरी गेलाच नाही. आदल्या संध्याकाळी एका खाजगी कंपनीनं त्याला बोलावून घेतलं होतं. सरकारीच्या जवळजवळ दुप्पट पगार, वर फिरायला मोटरसायकल.

"तू बस पेन्शनची वाट बघत," तो दोस्ताला म्हणाला. "मी तोवर जगून घेतो."

दोस्त हसला आणि पाने-पकडींची पिशवी घेऊन परीक्षेला गेला.

सरकारी नोकरी बघून दोस्ताला चांगलं स्थळ आलं. लग्नघरातला पंखा ऐन वेळी बंद पडला तो भिंगरीनं दुरुस्त केला, आणि त्याच्या पायाखालचं स्टूल नवरीच्या धाकट्या बहिणीनं धरलं. स्टूल धरता धरता जे व्हायचं ते झालं. वर्षभरात दोस्ताचा साडू झाला.

पहिली काही वर्षं भिंगरीचीच होती. त्याच्या घरी फ्रिज आधी आला, टीव्ही आधी आला. परमनंट सायकलवरून यायचा आणि मेव्हणीच्या घरातलं थंड पाणी दोन पेले पिऊन जायचा. सासरे तोंडानं म्हणत, "सरकारी ते सरकारी," पण गाडीची गरज पडली की फोन धाकट्या जावयालाच करत.

मग हळूहळू पारडं फिरलं, आणि कधी फिरलं ते भिंगरीला नेमकं सांगता आलं नसतं. परमनंटला वर्षाच्या वर्षाला वाढ मिळत गेली, मधेच सगळ्यांचे पगार एकदम सुधारले, राहायला खात्याची खोली मिळाली. इकडे भिंगरीची कंपनी दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली, तिला तिसरीनं. खिशावरचं नाव बदललं, शर्टाचा रंग बदलला, पगार तेवढा बदलला नाही. जादा काम केलं तर जादा पैसे, असं ठरलं. जादा काम मिळालं, पैशाचा नियम मात्र दर तिमाहीला नवा निघायचा. बायकोचं पित्ताशयाच्या खड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कंपनीच्या विम्यानं कळवलं की हा खडा आधीपासूनचा आहे. "खडा काय कालच्या गाडीनं येतो का?" असं तो फोनवर ओरडला, पण पैसे घरातूनच गेले.

हे सगळं त्यानं गिळलं असतं. गिळता आलं नाही ते वेगळंच होतं.

त्याची आई अंथरुणाला खिळली. कंपनीनं चार दिवसांची रजा दिली, आणि चौथ्या दिवशी दुपारीच फोन आला की एका बँकेच्या इमारतीत माणसं लिफ्टमध्ये अडकली आहेत, जवळ तूच आहेस. तो गेला. माणसं सुटली. मग दुसरा फोन, मग दुसऱ्या दिवसाची नेहमीची फेरी. आईपाशी कोण बसणार? परमनंट बसला. त्याच्या खाती रजा साठली होती, ती त्यानं काढली आणि साडूच्या आईच्या उशाशी खुर्ची टाकली. तिला चमच्यानं पाणी पाजलं, तिची कूस बदलली, तिच्या त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकल्या. ती गेली तेव्हा भिंगरी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मशीन रूममध्ये ब्रेक जुळवत होता. हात साडूच्या हातात होता तिचा.

भिंगरीनं साडूचे आभार मानले नाहीत. मानता आले नाहीत. उपकाराचं ओझं आणि जळफळाट एकाच पोटात मावेना. त्या दिवसापासून त्याची तुलना सुरू झाली.

जिथं लिफ्ट बघायला जायचा तिथं तो विचारायचा. बँकेतल्या रोखपालाला, खाजगी शाळेतल्या मास्तरला, पोस्टातल्या कारकुनाला, विमा कंपनीतल्या शिपायाला. पगार किती, रजा किती, आजारी पडलात तर काय, म्हातारपणी काय? लोक आधी बिचकायचे, मग भडाभडा बोलायचे. पगाराचा विषय माणूस कोणापाशी काढत नाही, पण काढला की थांबतही नाही. हळूहळू भिंगरीच्या डोक्यात एक हिशोब बसत गेला.

"खालच्या मजल्यांवर सरकारी बरं," तो बायकोला म्हणाला. "शिपाई, ड्रायव्हर, नर्स, आमच्यासारखे. खाजगीत यांना निम्मं मिळतं. वरच्या मजल्यांवर खाजगी बरं. तिकडचा साहेब सरकारी साहेबाच्या तिप्पट नेतो."

"आणि तुम्ही कुठल्या मजल्यावर?"

"मी दोन मजल्यांच्या मधे अडकलोय."

बायको औषधाच्या दुकानात काम करायची. दिवसभर गिऱ्हाइकांची दुखणी ऐकून ती घरी यायची आणि घरी हे दुखणं सुरू व्हायचं.

अशात एक दिवस परमनंट स्वतःहून आला. खात्यात लिफ्ट विभागाची भरती निघाली होती, अनुभवी माणसं हवी होती आणि वयाची अट सैल केली होती. "पुन्हा निघेल असं वाटत नाही," तो म्हणाला. "आता तरी दुसऱ्या दिवशी ये."

भिंगरी गेला. ज्या कामाची परीक्षा होती ते त्यानं डोळे मिटूनही केलं असतं. निवड झाली. आणि नेमकं त्याच आठवड्यात कंपनीनं त्याला सुपरवायझर करायची तयारी दाखवली. पगार एकदम चढणार होता, सरकारीच्या सुरुवातीच्या पगारापेक्षा कितीतरी वर. आता भिंगरीला झोप येईना, अन्न गोड लागेना. मोटरसायकलवर बसला की घर विसरायचा, घरी आला की किल्ली हरवायचा. इकडे आड, तिकडे विहीर असतं तर एक वेळ बरं. इथं दोन्हीकडे पाणी होतं आणि प्यायचं कुठलं ते कळत नव्हतं.

"हातात पगार कमी येईल," तो बायकोला म्हणाला. "पण पुढे पेन्शन. रजा. कोणी आजारी पडलं तर..." इथं तो थांबला.

"तुम्हाला जायचं तिथं जा," बायको म्हणाली. "फक्त गेल्यावर मला रोज पलीकडच्या काठावरचा हिशोब ऐकवू नका."

त्यानं राजीनामा दिला. कंपनीचा साहेब म्हणाला, "गेलास की गेलास हं. इथं परतीचं तिकीट नसतं."

खात्याच्या कचेरीत रुजू होण्याच्या दिवशी टेबलापलीकडच्या कारकून बाईंनी एकेक कागद पुढे सरकवला. भिंगरी उभ्या उभ्याच सह्या करत होता. शेवटचा कागद झाला तरी त्याची मान वर होईना.

"बाई, पेन्शनचा कागद?"

"कसली पेन्शन?"

"माझी. निवृत्त झाल्यावरची."

बाईंनी चष्मा काढला. "ती जुन्या लोकांना. नव्या भरतीला नाही. तुमच्या पगारातून दरमहा कापणार, त्यात खातं आपली भर घालणार. ते पैसे बाजारात. बाजार चढला तर चढले, पडला तर पडले."

"अहो, पण माझ्या साडूला आहे."

"साडू कधी लागले?"

"आम्ही दोघांनी एकाच वेळी परीक्षा दिली होती."

"मग तेव्हाच लागायचं होतं," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. दाढदुखीवर दंतवैद्य सांगतो तसं त्यांनी सांगितलं.

इतकी वर्षं तो ज्या नोकरीशी आपली नोकरी ताडून बघत होता, ती नोकरी नव्या माणसासाठी केव्हाच बंद झाली होती. दुकानाची पाटी तेवढी तीच होती.

बाहेर परमनंट हसत उभा होता. भिंगरी त्याच्यावर तुटून पडला. "तुला माहीत नव्हतं?"

"काय?"

"पेन्शन नाही मला! दमडीची नाही!"

परमनंटचा चेहरा उतरला. "माझ्यानंतर आमच्याकडे नवीन माणूस लागलाच कुठंय? आपला पगार सोडून दुसऱ्याचा मी कधी बघतो का?"

"तेच तर! तुला बघायची गरजच काय? तुझं सगळं शिजवून ताटात वाढलेलं!"

लोक वळून बघायला लागले. परमनंट पाठ फिरवून चालू लागला, तसा भिंगरी आणखी पेटला.

दुसऱ्या दिवसापासून दोघं एकाच दवाखान्यात, एकाच मशीन रूममध्ये कामाला होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. पाना हवा असला तर भिंगरी भिंतीला सांगायचा, "पाना हवाय." परमनंट पाना मधल्या पेटीवर ठेवायचा. इतकं मौन साधूंनीही पाळलं नसेल.

दुपारच्या वेळी काम नसलं की परमनंट स्टुलावर शांत बसायचा. भिंगरी जिने चढायचा, उतरायचा, धडधाकट दरवाजांना तेल घालायचा. ज्या निवांतपणासाठी तो आला होता तो त्याच्या अंगाला लागेना. घरी पहिला पगार घेऊन गेला तेव्हा बायकोनं आकडा बघितला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जादा तास मागून घेतले. त्यानं तो आणखीच कासावीस झाला.

दोघांच्या मधे दुवा होत्या लिफ्टवाल्या मावशी. स्ट्रेचरच्या लिफ्टमध्ये स्टूल टाकून त्या बसायच्या, बटणं दाबायच्या, रुग्ण आत येईपर्यंत दरवाजा हातानं अडवून धरायच्या. त्या ना खात्याच्या होत्या ना दवाखान्याच्या. एका एजन्सीनं त्यांना पाठवलं होतं. पगार भिंगरीच्या एक तृतीयांश, रजा शून्य. दोघांची धुसफूस त्यांना पहिल्या आठवड्यातच कळली.

"अहो दादा," त्या एकदा म्हणाल्या, "तुमच्यात सरकारी बरं की खाजगी बरं यावरून भांडण आहे म्हणे. ठरलं की मलाही सांगा, मी कशात बसते ते."

भिंगरीनं त्यांनाही विचारलं होतं, पगार किती, रजा किती. उत्तरं एवढी छोटी आली की त्याला पुढचं विचारवेना.

स्ट्रेचरच्या लिफ्टचा दरवाजा मधे काही आलं की आपोआप मागे सरायला हवा होता. अडथळा ओळखणारी दाराच्या कडेची पट्टी जुनी झाली होती. कधी चालायची, कधी नाही. परमनंटनं नवीन पट्टीसाठी वर दोनदा लेखी कळवलं होतं, मंजुरी आली नव्हती. भिंगरीनं भिंतीला सांगितलं, "बाजारात मिळते. मी आजच आणून बसवतो." परमनंट त्या एका वेळी बोलला. "मंजुरीशिवाय बसवली आणि काही झालं तर तुझी नोकरी जाईल, माझीही जाईल." भिंगरी चडफडला, पण थांबला. उभ्या जन्मात तो फारसा थांबला नव्हता. नेमका तेव्हा थांबला.

एका दुपारी मावशी स्ट्रेचरसाठी दरवाजा धरून उभ्या असताना दरवाजा मिटला तो मिटलाच. त्यांचं मनगट सापडलं. ओरडणं ऐकून दोघं साडू जिन्यावरून धावत खाली आले. भिंगरीनं वीज तोडली, परमनंटनं खांद्यानं दार रेटलं.

दवाखाना सरकारी, त्यामुळे हाड बसवायला, प्लास्टर घालायला पैसे पडले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर दुसरीच बाई बसलेली होती. एजन्सीनं बदली माणूस पाठवलं होतं. मावशींचा पगार त्या दिवसापासून बंद.

आता भिंगरीच्या पायांना काम मिळालं. तो एजन्सीत गेला. तिथला माणूस म्हणाला, "काम नाही तर पगार नाही. अपघात दवाखान्यात झाला, त्यांना विचारा." दवाखान्याच्या कचेरीत म्हणाले, "त्या आमच्या नाहीत." खात्यात म्हणाले, "त्या आमच्या तर मुळीच नाहीत." कामगार संघटनेत म्हणाले, "वाईट वाटतं, पण त्या सभासद नाहीत." सरकारवाले म्हणत ती खाजगीची, खाजगीवाले म्हणत ती सरकारी कामावरची. टोलवाटोलवीत भिंगरीच्या चपलेचा अंगठा तुटला. मावशींच्या घरी गेला तर त्या डाव्या हातानं भांडी घासत होत्या. म्हणाल्या, "दादा, पुरे करा आता. तुमची नोकरी नवी आहे."

तो मशीन रूममध्ये परत आला आणि पहिल्यांदा भिंतीकडे न बघता साडूकडे बघून बोलला. "सगळी दारं ठोठावली. कोणी तिला आपली म्हणत नाही."

परमनंट स्टुलावर बसला होता. बराच वेळ बसला. मग उठला, हात पुसले आणि म्हणाला, "चल."

"कुठं?"

"इंजिनियर साहेबाकडे. दरवाजा खराब आहे हे मी दोनदा कळवलं होतं, ते तिथं बोलतो. आणि कोणी ऐकलं नाही, तर एजन्सी, संघटना, जिथं सांगशील तिथं लिहून देतो."

भिंगरीला क्षणभर समजेना. ज्या माणसानं इतक्या वर्षांत साहेबाच्या घड्याळालाही चूक म्हटलं नव्हतं, तो हे बोलत होता. "अरे, तुझी पेन्शन आहे. बढती जवळ आलीय. माझं काय, मला गमवायला काही नाही. मी बोलतो."

"तू काय बोलणार? तू कळवलं नव्हतंस, मी कळवलं होतं. आणि पट्टी बसवू नको असं तुला सांगितलं ते मीच."

साहेबांनी आधी दरडावलं, मग समजावलं, मग खुर्ची दिली. परमनंट खुर्चीत बसला नाही. उभ्यानंच त्यानं तेच ते पुन्हा सांगितलं, आवाज न चढवता. त्याच्या शेजारी उभ्या भिंगरीचं तोंड कधी नव्हे ते बंद होतं.

पट्टी आठवड्यात आली. एजन्सीला वरून कुणीतरी फोन केला असावा, कारण तिनं मावशींना घरी बसल्या दिवसांचा अर्धा पगार दिला आणि हात बरा होताच कामावर परत घेतलं. पूर्ण पगार नाहीच मिळाला. मनगटही पहिल्यासारखं वळेना. मावशी आता डाव्या हातानं बटणं दाबायला लागल्या.

आणि परमनंटला नोटीस मिळाली. वरिष्ठांशी अनुचित वर्तन, खुलासा करावा. पाठोपाठ दूरच्या गावी बदली. बढती लांबली, खात्याची खोली सोडावी लागली. सामान बांधायला भिंगरी आणि त्याची बायको गेली तेव्हा बायकोची थोरली बहीण त्यांच्याशी बोलायला तयार नव्हती. खोक्याला दोरी आवळता आवळता ती एवढंच म्हणाली, "तुमची भिंगरी आमच्या घराला लागली."

भिंगरी खाली मान घालून खोकी उतरवत राहिला. शेवटचं खोकं ट्रकमध्ये चढलं तेव्हा तो परमनंटजवळ गेला. आईच्या आजारपणापासून राहून गेलेलं काहीतरी त्याला बोलायचं होतं. "माझ्या आईच्या वेळी तू..." एवढंच निघालं.

"चांगली होती रे," परमनंट म्हणाला. "तुझ्या लहानपणच्या खोड्या सांगायची. सगळ्या ऐकल्यात मी." आणि ट्रकमध्ये चढून बसला.

पुढे वर्षभरानं ती नोटीस रद्द झाली. बढती मिळाली, पण उशिरानं, आणि त्या उशिराचा फटका पेन्शनच्या आकड्याला बसणार होताच. थोरलीचा राग ओसरायला त्याहून जास्त वेळ लागला. भिंगरी दवाखान्यातच राहिला. जुन्या कंपनीतला सुपरवायझर त्याच्यापेक्षा पुष्कळ कमवत होता, मग एक दिवस ती कंपनीही चौथीनं घेतली आणि सुपरवायझर घरी बसला. ही बातमी बायकोला सांगताना भिंगरीला आनंद झाला नाही. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

एका सुट्टीच्या दिवशी परमनंटचा फोन आला. त्या दूरच्या गावच्या कचेरीत साफसफाई, पहारा, लिफ्ट, सगळीकडे एजन्सीची माणसं होती. त्यातला पहारेकरी तापानं आठवडाभर पडून होता आणि त्याच्या जागी दुसरा उभा केला होता.

"मला ते चैन पडू देईना," परमनंट म्हणाला. "तू पहिल्यांदा कुणाकडे गेला होतास? एजन्सीकडे की कचेरीत?"

"एजन्सीकडे. पण ते चुकलं. आधी हजेरी कोण घेतं ते बघ आणि त्यालाच धर," भिंगरी म्हणाला आणि सांगायला लागला.